काळे बाईंचा ओजिमातला सत्कार

जपानहून परत आल्यापासून कऱ्हाडात जो भेटतो तो विचारतो, फुजी पाहिलात का. नाही पाहिला. दोनदा त्या दिशेला गेलो, दोन्ही वेळा त्याच्या जागी ढग होता, आणि जावयाने ढगाचे फोटो काढले. मग काय पाहिलंत, असं लोक विचारतात. ओजिमा नावाच्या वस्तीत एका सरकारी इमारतीच्या तळमजल्यावर, दुसऱ्या बाईच्या सत्काराच्या खुर्चीत, दोन्ही पाय कोमट पाण्यात घालून मी बराच वेळ बसले होते, असं सांगायला लागले की ऐकणारा खाकरतो आणि पुन्हा फुजीकडे वळतो. तोंडी सांगून हे कुणाला पटत नाही, म्हणून लिहून काढते आहे.

मी सुनंदा काळे. तेहेतीस वर्षं कऱ्हाडच्या एका मराठी शाळेत मराठी आणि भूगोल शिकवला. गावात मला पहिल्या नावाने कुणी ओळखत नाही. भाजीवालीपासून डॉक्टरांपर्यंत सगळ्यांची मी काळे बाई. निवृत्त झाले तेव्हा शाळेने माझा निरोप समारंभ आणि पाण्याच्या नव्या टाकीचं उद्घाटन एकाच कार्यक्रमात उरकलं. प्रमुख पाहुणे टाकीवर पाऊण तास बोलले. माझ्यावर बोलायची वेळ आली तेव्हा टाकीत पाणी सोडायची वेळ झाली होती, त्यामुळे सगळे उठून तिकडे गेले. मानपत्र मिळालं, पण त्यात "श्री. काळे सर" असं छापलं होतं. हे सगळं मी केव्हाच विसरले आहे, असं मी अधूनमधून सगळ्यांना सांगत असते.

निशी-कसाई, पहिला आठवडा

माझी मुलगी प्राजक्ता आणि जावई निखिल टोकियोच्या निशी-कसाई भागात राहतात. दोघांची ऑफिसं तोयोसुला, उंच काचेच्या इमारतींत. त्यांची मुलगी वल्लरी नऊ वर्षांची, तिथल्याच सरकारी शाळेत चौथीत. निशी-कसाई स्टेशनबाहेर पडल्यावर पहिल्या पाच मिनिटांत मला कढीपत्ता, तूरडाळ आणि कोथरूडची एक बाई भेटली. परदेशात आल्यासारखं वाटेचना. ते वाटायला लागलं घरात शिरल्यावर.

तिथलं न्हाणीघर बोलतं. टब भरला की भिंतीतली बाई गोड आवाजात तसं कळवते. कचरा बोलत नाही, पण उलट उत्तर देतो. लोणच्याची रिकामी बरणी मी जळणाऱ्या कचऱ्याच्या पिशवीत टाकली, तर गाडी सगळ्यांच्या पिशव्या घेऊन गेली आणि आमची तेवढी जागेवर ठेवून तिच्यावर चिठ्ठी डकवून गेली. वल्लरीने ती मला वाचून दाखवली आणि पिशवी पुन्हा वर आणायला लावली. तेहेतीस वर्षं मी मुलांच्या वह्यांवर लाल शेरे मारले, माझ्यावर शेरा यायची ही पहिलीच खेप.

वाचून दाखवली म्हणजे काय, तर विमानात मी स्वतःच्या चष्म्यावर बसले होते. नवा चष्मा मिळेपर्यंत अक्षरांच्या बाबतीत मी पूर्णपणे वल्लरीच्या ताब्यात होते. आणि वल्लरीचं मराठी सावकाश चालतं, प्रत्येक वळणावर थांबून दोन्ही बाजूंना बघतं. तिच्या शाळेत तिच्या नावाचं "बारारी" झालं आहे, कारण जपानी जिभेला व आणि ल दोन्ही जड जातात. फक्त इंग्रजी शिकवणाऱ्या बाई तिला वल्लरी म्हणतात, असं ती मला दिवसातून दोनदा सांगायची. त्या बाईंचं नाव काय, तर "माशा सेन्से". शाळेत माश्या फार आहेत अशी माझी आधी समजूत झाली होती. नंतर कळलं की सेन्से म्हणजे बाई. तरी इंग्रजीच्या बाई म्हणजे सोनेरी केसांच्या, गोऱ्यापान असणार, हे मी न विचारताच ठरवून टाकलं होतं.

आता मुद्द्याचं. मंगळवारी दुपारी फ्रिजवर लावलेला एक नारिंगी कागद माझ्या नजरेला पडला. अक्षरं धूसर, पण मधोमध एक खुर्ची आणि भोवती फुलं काढलेली, एवढं दिसत होतं. वल्लरीला वाचायला सांगितलं. ती फ्रिजसमोर उभी राहून इंग्रजीत पुटपुटली आणि मग एकेक शब्द मराठीत आणू लागली.

"ब्लॅक म्हणजे काळे. टीचर म्हणजे बाई," ती म्हणाली. "काळे बाई. काळे बाईंना बरं वाटावं म्हणून. आणि काळे बाईंना... सगळ्यांनी ओळखावं म्हणून. शनिवारी. ओजिमाला."

मी ओट्याला धरून उभी राहिले. दोनच दिवसांपूर्वी प्राजक्ता म्हणाली होती की शनिवारी ओजिमाला एक कार्यक्रम आहे, तूही चल, तुला आवडेल, चांगली साडी नेस. शिवाय ती साठ बटाटेवड्यांची तयारी करत होती. घरात माणसं चार, वडे साठ. पाण्याच्या टाकीचं माझं दुःख माझ्या लेकीने न सांगता ओळखलं होतं. डोळे भरून आले. आईने हे गुपित ठेवलं आहे तर आपणही ठेवू, असं मी वल्लरीला बजावलं, आणि तिने करंगळीत करंगळी अडकवून जपानी पद्धतीने शपथ घेतली.

सत्कार म्हटलं की सत्काराला उत्तर आलं, आणि इथे ते इंग्रजीत द्यावं लागणार. बुधवारपासून मी न्हाणीघरात तयारी सुरू केली. गुरुवारी भाषण ऐन रंगात आलं असताना हातवारे करताना भिंतीवरचं एक बटण दाबलं गेलं. आत कुणी घसरून पडलं तर स्वयंपाकघरात घंटा वाजावी म्हणून ते असतं, हे मला मागाहून समजलं. निखिल हातातला झारा घेऊनच धावत आला आणि दाराबाहेरून विचारू लागला, "आई, ठीक आहात ना? कोण डायस? कुणाशी बोलताय?" मी रामरक्षा म्हणते आहे असं सांगितलं. रामरक्षेत "ऑनरेबल डायस" कुठे येतं हे त्याने विचारलं नाही, याला मी त्याचे संस्कार समजते.

ओजिमा, शनिवार

फेब्रुवारीतली थंडी. जपानात अंगाला चिकटवायच्या गरम पुड्या मिळतात. मी पैठणीच्या आत चार चिकटवल्या, दोन कमरेला आणि दोन पाठीला, आणि वरून सोनेरी काठांची शाल. वडे होते म्हणून टॅक्सीने गेलो. ओजिमात सरकारी घरांच्या लांबच लांब इमारती आहेत, आणि गॅलऱ्यांत गाद्यांबरोबर मधूनच एखादा पंजाबी ड्रेस वाळत असतो. प्राजक्ता आणि वल्लरी टॅक्सीतून डबे उतरवू लागल्या. उत्सवमूर्तीने डबे उचलणं बरं दिसत नाही, म्हणून मी पुढे निघाले.

सभागृहाच्या दाराशी माझ्याच वयाची एक उंच, काळी बाई उभी होती. डोक्याला पिवळं फडकं सुरेख गुंडाळलेलं, हातात नावांची यादी. हिचं नाव डोरोथी. मूळची अमेरिकेची, टोकियोतल्या एका कॉलेजात चोवीस वर्षं शिकवते, हे मला नंतर कळलं. तिने हसून विचारलं की मी कुणाबरोबर आले आहे. यादीत माझं नाव असणारच, तेव्हा मी यादीकडे बोट दाखवून म्हटलं, "आय अ‍ॅम काळे. काळे मीन्स ब्लॅक. आय अ‍ॅम ब्लॅक टीचर. थर्टी-थ्री इयर्स."

तिने माझ्याकडे पाहिलं. मग पैठणीकडे, मग पुन्हा माझ्याकडे.

"तेहेतीस वर्षं," ती म्हणाली. "मग तुम्ही बसायलाच हवं."

आत वीस-बावीस माणसं होती. बहुतेक बायका, चार-पाच पुरुष, आणि सगळे काळे. आपल्या लेकीचा मित्रपरिवार एवढा मोठा आहे हे मला माहीतच नव्हतं. एका कोपऱ्यात चटया घातल्या होत्या आणि तिथे तिघं जण चक्क झोपले होते. दुसरीकडे एक मुलगी कुणाचे तरी केस विंचरून बारीक वेण्या घालत होती. भिंतीशी पाय बुडवायच्या बादल्या ओळीने मांडल्या होत्या. सत्काराची ही पद्धत मला नवीन होती, पण देश तसा वेष म्हणून मी काही बोलले नाही. समोर कागदावरचीच खुर्ची होती, फुलांची. मी जाऊन बसले.

बसल्याबरोबर चाळिशीची एक बाई कमरेला एप्रन बांधून आली. दमलेले डोळे, पण हसरा चेहरा. क्षणभर ती खुर्चीकडे बघत राहिली, मग वाकून तिने माझ्यापुढे बादली ठेवली, माझे पाय स्वतःच्या हातांनी पाण्यात सोडले आणि एक पेला आणून दिला. लालभडक सरबत, आंबट आणि वर आल्याचा झटका. हे काय म्हणून विचारलं तर तिने वाळलेल्या लाल पाकळ्या आणून दाखवल्या. मी वास घेतला आणि ओळखलं. अंबाडी. आम्ही हिची भाजी करतो, भाकरीबरोबर खातो, असं मी तिला माझ्या मोडक्या इंग्रजीत सांगितलं. ती म्हणाली, आमच्याकडे जमैकात नाताळात हेच पितात.

जमैका म्हटल्यावर माझ्यातला भूगोल जागा झाला. "राजधानी किंग्स्टन," मी म्हटलं. "बॉक्साइट, ऊस, केळी."

ती हसता हसता खालीच बसली. तिच्या काकांनी वीस वर्षं बॉक्साइटच्या खाणीत काढली होती आणि जपानात आल्यापासून तिला बॉक्साइटबद्दल कुणी विचारलं नव्हतं. लोक विचारतात ते हे की तुझ्या केसांना हात लावू का. आणि पुष्कळदा विचारतही नाहीत, लावतात. मी तिला नाव विचारलं. मार्शा, ती म्हणाली. माझ्या डोक्यात तेव्हाही प्रकाश पडला नाही.

मग डोरोथी पुढे आली आणि बोलू लागली. माझं इंग्रजी कामापुरतं, त्यामुळे वाक्यं निसटत होती, पण मोठे शब्द समजत होते. शिक्षिका. मुलांवर प्रेम. अकरा वर्षं. तेहेतिसाची अकरा कशी झाली ते कळेना, पण निदान श्री. काळे सर तरी केलं नव्हतं. मधूनमधून "मार्शा" येत होतं, ते त्या एप्रनवाल्या बाईचे आभार असतील असं मी धरलं. टाळ्या झाल्या. मी पाय बादलीत ठेवूनच उभी राहिले, शाल सावरली आणि सुरुवात केली.

"ऑनरेबल डायस," मी म्हटलं, "धिस ऑनर इज नॉट माय ऑनर. धिस इज ऑनर ऑफ ऑल काळे. ऑल ब्लॅक."

टाळ्यांचा असा कडकडाट झाला की झोपलेले तिघे उठून बसले आणि तेही टाळ्या वाजवू लागले. उभ्या आयुष्यात माझ्या कुठल्याही वाक्याला एवढ्या टाळ्या मिळाल्या नव्हत्या. मी पुढचं वाक्य घ्यायला तोंड उघडलं आणि दारात प्राजक्ता दिसली, हातात वड्यांचा डबा.

"आई," ती अगदी हळू म्हणाली, "तू मार्शाच्या खुर्चीत बसली आहेस."

त्यानंतर काय झालं ते मला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. वल्लरीने "माशा सेन्से" म्हणून त्या एप्रनवाल्या बाईला मिठी मारली. मग तिने सगळ्यांना अस्खलित इंग्रजीत समजावलं की आमच्या आज्जीचं आडनावच ब्लॅक आहे, तिला गावात सगळे ब्लॅक टीचर म्हणतात, आणि कागद मीच वाचून दाखवला. कागदावर होता तो तिथल्या काळ्या शिक्षकांच्या विसाव्याचा दिवस, आणि सत्कार होता मार्शाचा. मग डोरोथी भिंतीला टेकली, तिथून घसरत खाली बसली आणि डोक्याचं पिवळं फडकं डोळ्यांना लावून हसू लागली. हॉलभर हसू पसरलं. धांदलीत पाठीची एक गरम पुडी सुटून बादलीत पडली. मी मेल्याहून मेल्यासारखी उभी होते आणि पाणी मात्र छान गरम होत होतं.

मार्शाही हसत होती, एप्रनने डोळे पुसत. तो एप्रन पाहिला आणि माझ्या काळजात चर्र झालं. सत्कार तिचा, आणि ती माझे पाय धूत होती. आल्या आल्या तिने मला आपल्या खुर्चीत बसलेलं पाहिलं आणि एका शब्दाने उठवलं नाही, उलट बादली आणली. एवढी सवय तिला कशाने लागली असेल?

मी बादलीतून बाहेर आले, तिला दंडाला धरून खुर्चीत बसवलं आणि माझी शाल तिच्या खांद्यांवर घातली. ते जमतं मला. कऱ्हाडात निदान शंभर शाली मी इतरांच्या खांद्यांवर घातल्या आहेत.

मग वडे, नारळाच्या दुधात शिजवलेला राजमा-भात, आणि एका घानाच्या गुरुजींनी आणलेला लाल, झणझणीत भात. वडा खाऊन त्यांनी आमच्या मिरचीला सौम्य म्हटलं, हे मी प्राजक्ताला सांगितलं नाही. खाताना डोरोथीने विचारलं की त्या आडनावाचा मला कधी त्रास झाला का. मी म्हटलं, आडनावाचा नाही, रंगाचा झाला. मी सावळी. आमच्याकडे "सावळी" हा शब्द लग्नाच्या जाहिरातीत आवाज खाली करून छापतात. मुलं मागे म्हणायची, काळे बाई, काळा फळा, शोधा कुठे बाई आहेत. मी ऐकलं नाही असं दाखवायचे आणि दुसऱ्या दिवशी जास्त पावडर लावून जायचे. हे मी माझ्या नवऱ्यालासुद्धा कधी सांगितलेलं नाही. ओजिमात, वडा खाताना, वीस परक्या माणसांना सांगितलं आणि बरं वाटलं.

मार्शाची हकीकत मला तिथे समजली. अकरा वर्षं त्या भागातल्या शाळांत इंग्रजी शिकवते आहे. हुद्दा "सहायक". करार एका वर्षाचा, दर वर्षी नवा. शिक्षकखोलीतल्या फळ्यावर सगळ्यांची आडनावं, हिच्या जागी नुसतं "इंग्रजी सहायक". बैठकांचे कागद हिला मिळत नाहीत, वर्षाच्या शेवटी काढायच्या फोटोची वेळ कुणी सांगत नाही. पुढच्या वर्षी राहणार की जाणार, हे तिला सोमवारी मुख्याध्यापकांना सांगायचं होतं. आणि अजून ठरलं नव्हतं.

वल्लरीचा घास हातातच राहिला. ते पाहून मला राहवलं नाही. मी मार्शाचा हात धरला आणि सांगायला लागले की तू जाऊ नकोस, मुलांना तुझी गरज आहे, माझ्या नातीचं नाव या देशात फक्त तुला घेता येतं.

डोरोथीने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "बाई," ती म्हणाली, कारण वल्लरीकडून तिने तो शब्द उचलला होता, "मुलांना काय हवं हे तिला रोजच सगळे सांगतात. तिला काय हवं, हे विचारायला आज आम्ही जमलो आहोत."

मी मार्शाचा हात सोडला. मला सोनवणे बाई आठवल्या. आमच्या शाळेत चित्रकला शिकवायच्या, तासिका तत्त्वावर. म्हणजे तास घेतला तर बाई, नाही घेतला तर कुणी नाही. शाळेच्या वार्षिक फोटोचं काम माझ्याकडे असे. एका वर्षी त्या छान साडी नेसून आल्या आणि रांगेत उभ्या राहिल्या. मीच त्यांना सांगितलं, फोटो फक्त कायम शिक्षकांचा आहे. त्या "हो हो" म्हणून बाजूला झाल्या आणि फोटोवाल्याच्या मागे उभ्या राहून आमची ओळ सरळ आहे का ते बघत राहिल्या. माझं मानपत्र चुकलं म्हणून मी गावभर सांगत फिरले. सोनवणे बाईंचं मी कुणालाच सांगितलं नव्हतं, आणि सांगण्यासारखं काही आहे असं मला वाटलंही नव्हतं. मला मनापासून लाज वाटली.

शेवटी मी मार्शाला विचारलं, तुला काय हवंय. तिने शाल गळ्याशी ओढून घेतली. मग म्हणाली, झोप.

मग डोरोथीने मानपत्र वाचायला घेतलं, कारण पहिल्या खेपेस माझ्या भाषणामुळे ते राहिलंच होतं. सुंदर, स्वतःच्या हाताने लिहिलेलं. तिसऱ्या-चौथ्या ओळीला मार्शाची मान कलली. पाय पाण्यात, अंगावर शाल, आणि बाईसाहेब गाढ झोपल्या. डोरोथी थांबली नाही. तिने आवाज खाली आणला आणि उरलेलं मानपत्र कुजबुजत वाचलं, आणि आम्ही सगळ्यांनी तळवे न लावता, हवेतल्या हवेत टाळ्या वाजवल्या. सत्कारात झोपलेले श्रोते मी आयुष्यभर पाहिले आहेत, उत्सवमूर्ती पहिल्यांदाच पाहिली. माझ्या मते तो मी पाहिलेला सगळ्यांत यशस्वी सत्कार होता.

निशी-कसाई, सोमवार

सोमवारी वल्लरीच्या शाळेत पालकांनी वर्ग पाहायचा दिवस होता. प्राजक्ताला सुट्टी मिळेना, म्हणून मी गेले. दाराशी बूट काढून शाळेच्या सपाता घालायच्या असतात. माझ्या पायाच्या मापाची जोडी नव्हती, त्यामुळे मुलांच्या सपातांत अर्धी पावलं घालून मी बदकासारखी वर्गापर्यंत गेले. जपानी आया-बाबा भिंतीशी न हलता उभे होते. आमच्याकडे पालक वर्गात आले की मुलांपेक्षा जास्त उत्तरं देतात.

मार्शाचा तास मी शिक्षिकेच्या नजरेने पाहिला आणि सांगते, उत्तम. पस्तीस मुलांत एकही मूल सुटलं नाही. मागच्या बाकावरच्या एका लाजाळू मुलीशी ती गुडघ्यांवर बसून बोलली, तिच्या डोळ्यांच्या उंचीला येऊन. जपानी बाई बाजूला उभ्या राहून मान डोलवत होत्या. सहायक कोण, ते मला तरी उलटंच वाटलं.

शाळा सुटल्यावर वल्लरी आणि मी दाराशी, बुटांच्या कपाटांजवळ थांबलो. पोरीच्या तोंडावर सकाळपासून रंग नव्हता. बऱ्याच वेळाने मार्शा बाहेर आली, खांद्यावर पिशवी. तिने आधी वल्लरीकडे पाहिलं आणि सरळ सांगितलं. सकाळी मुख्याध्यापकांना नाही म्हणून सांगून आले. मार्चपर्यंत आहे, मग जमैकाला आईकडे जाणार, निदान एक वर्षभर. त्यांनी विचारलं, मग मुलांचं काय. ती म्हणाली, याचं उत्तर दर वर्षी मी देत आले, या वर्षी तुम्ही द्या.

माझ्या तोंडात पुन्हा "जाऊ नकोस" आलं होतं. मी ते गिळलं. वल्लरी आपल्या बुटांकडे बघत उभी होती. तेवढ्यात आणखी दोन शिक्षक घरी जायला निघाले. एकमेकांना वाकून ते काहीतरी लांबलचक म्हणाले, आणि मार्शाला हात हलवून इंग्रजीत "बाय-बाय" म्हणाले. तिनेही हसून "बाय-बाय" म्हटलं.

वल्लरीने मान वर केली. दप्तराचे पट्टे दोन्ही हातांनी धरले आणि मार्शासमोर कमरेतून वाकून, ते शिक्षक आपापसांत म्हणाले होते तेच शब्द तिने स्पष्ट म्हटले. "ओत्सुकारेसामा देश्ता."

मार्शा जागच्या जागी थांबली. मी वल्लरीला हळूच विचारलं की याचा अर्थ काय.

"मोठी माणसं काम झालं की एकमेकांना म्हणतात," ती म्हणाली. डोळ्यांत पाणी होतं, पण ती अडखळली नाही. "म्हणजे, तुम्ही फार दमलात. पण मान देऊन."

प्राजक्ता मला नंतर म्हणाली की मुलं हे शिक्षकांना म्हणत नाहीत, सोबत काम करणाऱ्यांनी एकमेकांना म्हणायचं असतं. आणि त्याला उत्तर द्यायचं नसतं, तेच शब्द परत करायचे आणि घरी जायचं. मार्शाला ते माहीत नसेल असं नाही. अकरा वर्षं रोज अशाच दारांशी तिने ते इतरांनी एकमेकांना म्हटलेलं ऐकलं होतं. तिने शब्द परत केले नाहीत. ती कपाटाशेजारच्या पायरीवर बसली, पिशवी मांडीवर घेतली आणि वल्लरीला म्हणाली, "हो. फार दमले."